कोरी पाटी चालणार नाही

४ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज काय वाटतं ते लिहून काढत जा. वाटत काहीच नाही. लिहिलं!

ख्रिस्ती उपासांच्या आधीचा मंगळवार म्हणून स्टाफरूममध्ये वाफल्सचा ढीग. वर साखर भुरभुरलेली. एक खाल्लं. दातांच्या डॉक्टरकडून घरी आल्यावर जीभ कशी बधिर असते – चावतोय हे कळतं, चव नाही. तसं. पपा वृद्धाश्रमात गेले, त्यांचं घर रिकामं करून किल्ल्या दिल्या, त्या दिवसापासून हे चाललंय. तेव्हा रडू येईल म्हणून मुद्दाम मोठा रुमाल घेऊन गेले होते. घडीसुद्धा मोडली नाही.

६ मार्च, गुरुवार

पोरांना तत्त्वज्ञांची नावं नीट लिहिता येत नाहीत, म्हणून दरवर्षी नवी टोपणनावं पाडतात. यंदा विष प्यायलेला ग्रीक म्हणजे 'आजोबा'. मूल जन्मतः कोऱ्या पाटीसारखं असतं म्हणणारा इंग्रज – 'पाटीवाला'. आणि सगळ्यांनी मिळून करार केला की त्यातून राज्य उभं राहतं, असं सांगणारा तो जिनीव्हाचा – 'घड्याळजीचा पोर', कारण बापाचा धंदा घड्याळांचा. मुलं कशी वाढवावीत यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि स्वतःची झाडून सगळी अनाथालयात पाठवून दिली. हे सांगितलं की वर्ग जागा होतो. दरवर्षी, याच जागी.

ल्युदिवीन काचमारेक जागीच होती. ती नेहमीच असते. तिने विचारलं, त्या पोरांना कोणी विचारलं होतं का, करार मान्य आहे का म्हणून?

मी म्हटलं, चांगला मुद्दा आहे, दुसऱ्या भागात घाल.

दुसऱ्या भागात घाल! आमचा निबंध तीन भागांचा. पहिल्या भागात हो म्हणायचं. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात हो आणि नाही दोन्हींच्या वर कुठेतरी जाऊन बसायचं. जूनच्या परीक्षेत याचेच मार्क. सगळा देश या परीक्षेतून गेलाय, त्यामुळे मंत्री असंच बोलतात, टीव्हीवर भांडणारेही असंच भांडतात. माझ्या नवऱ्याने, जेराने, माझ्याकडे घटस्फोट तीन भागांत मागितला होता. तिसरा भाग खरोखर चांगला होता. मी सही केली.

१० मार्च, सोमवार

मुख्याध्यापक लकॉकसाहेब खोकी घेऊन आले. आत सनद. जाड कागद, वर तिरंगी पट्टी. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाने सही करायची. मजकुराला कोणी नावं ठेवणार नाही – समता, एकमेकांचा आदर, शाळेत धर्म बाजूला, वादात हात उगारायचा नाही. शेवटी एक ओळ: 'ही सनद मी स्वेच्छेने स्वीकारत आहे.'

सह्या शुक्रवारी मोठ्या सभागृहात. उपमहापौर येणार, फोटो निघणार. जो सही करणार नाही त्याला वर्गात बसू देणार नाहीत.

गणिताचा बास्त्याँ कॉफी ढवळत म्हणाला, "स्वेच्छेने. शुक्रवारी. दहा वाजता. रांगेत."

सगळे हसले. मीही तोंड हसतं केलं.

१४ मार्च, शुक्रवार

ल्युदिवीन रांगेत पहिली होती. तिने सनद उभ्याउभ्या सगळी वाचली. कोणी वाचत बसेल अशी तयारी नव्हती, फोटोवाल्याने दोनदा कॅमेरा खाली केला. मग लकॉकसाहेबांना विचारलं, सही केली नाही तर काय होतं?

"वर्गात बसता येणार नाही. माहीत आहे तुला."

"मग हा शब्द चुकलाय, साहेब. बाकी सगळं मला पटतं."

पिशवीतून पट्टी काढली. 'स्वेच्छेने' या शब्दावर पट्टी धरून एक सरळ रेघ ओढली. खाली सही, सुवाच्य. आणि पट्टी मागच्याच्या हातात दिली.

पट्टी रांगेतून सरकत गेली. कोणी घोषणा नाही, कोणी हसलंही नाही. एकेक जण येई, रेघ ओढी, सही करी, पट्टी मागे देई. उपमहापौरांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, काढायचं विसरल्यासारखं. शेवटी लकॉकसाहेबांनी पट्टी जप्त केली.

मला अभिमान वाटायला हवा होता. नाहीतर धास्ती तरी. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. ते बंद आहे.

१६ मार्च, रविवार

पपांकडे. वृद्धाश्रमात रविवारी कोंबडी असते आणि सगळ्यांना वाटतं की ती गेल्या रविवारपेक्षा वाईट होती. पपांना मी आज ओळखीची होते. शुक्रवारची हकिकत सांगितली.

ते खाणकामगारांच्या गावात मास्तर होते. त्यांच्यासाठी प्रजासत्ताक म्हणजे राजधानीतलं काही नव्हतंच, ते म्हणजे त्यांचा वर्ग. प्रश्न घातला की प्रत्येक पोराने पाटीवर उत्तर लिहायचं, पालथी धरायची. पपा टेबलावर पट्टी आपटत आणि सगळ्या पाट्या एकदम वर! शेजाऱ्याचं बघायची सोय नाही. कोण बरोबर, कोण चूक, एका नजरेत. चुकलेल्याला ते रागवत नसत. कोरी पाटी वर आली तर मात्र पोराला उभं करत. चुकीची चालेल, कोरी चालणार नाही. मीही त्याच वर्गात होते, आणि मुलगी म्हणून सूट नव्हती.

काचमारेक नाव ऐकल्यावर खुलले. म्हणाले, "तिसऱ्या बाकावरचा! पाटी नेहमी भरलेली. उत्तर नेहमी चुकलेलं." त्या गावांत पोलंडहून आलेले काचमारेक ढिगाने होते. हिचा आजा होता की दुसराच कोणी, देव जाणे.

मग म्हणाले, सनदेवर रेघ मारली हे वाईट. लगेच म्हणाले, पट्टी धरून मारली हे चांगलं. मग कोंबडीकडे वळले.

१८ मार्च, मंगळवार

लकॉकसाहेबांनी बोलावलं. "तुमचीच पट्टशिष्या ना, मादाम मारेशाल?"

शिस्त समिती बसणार. प्रस्ताव एकच, शाळेतून काढण्याचा. कारण: प्रजासत्ताकाच्या सनदेची विटंबना आणि इतरांना चिथावणी. मतदान गुप्त. शिक्षकांच्या बाजूने समितीवर मी आहे – निवडून आलेली! दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं.

साहेब वाईट माणूस नाहीत. रेघ मारणारी सगळी रांग काढता येत नाही म्हणून रांगेतली पहिली काढायची, इतकंच त्यांचं गणित. वर विभागाकडून रोज फोन येतात. म्हणाले, आज एक शब्द खोडला, उद्या दुसरं कोणी दुसरा शब्द खोडेल, मग तुमच्या-माझ्यात काय उरतं? हेही खरंच वाटलं. अलीकडे समोरचा बोलत असेपर्यंत त्याचंच मला खरं वाटतं.

२० मार्च, गुरुवार

तास संपल्यावर ल्युदिवीन थांबली. तिला प्राथमिक शाळेत मास्तरीण व्हायचंय. त्या अभ्यासक्रमाला अर्ज केलाय, तिथे शेवटच्या सत्राचे मार्क आणि शाळेचा शेरा बघतात. आत्ता काढलं तर दोन्ही गेले. दुसऱ्या गावची शाळा परीक्षेच्या तोंडावर घेणार नाही. आई बेल्जियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर फ्राइजची गाडी लावते. तिने सांगून टाकलंय, काढलं तर सरळ गाडीवर उभी राहा.

"तुम्ही बोलाल ना, मादाम?"

बोलेन म्हटलं.

"मी मुद्दाम नाही केलं. म्हणजे केलं मुद्दामच. पण वर्गात तुम्ही विचारता तसंच मी विचारलं. तिथे नाही विचारायचं, हे नव्हतं माहीत."

तिची चूक एवढीच. तिला वाटलं, हे सगळं आपण वापरण्यासाठी शिकतोय.

२५ मार्च, मंगळवार

वर्गात परत करार. बोलता बोलता लक्षात आलं की आपण काय शिकवतो ते आपणच ऐकलेलं नाही. पाटीवाला म्हणाला, मूल कोरं असतं. तेव्हापासून प्रत्येक सरकारला आधी खडू आपल्या हातात यावा असं वाटतं. घड्याळजीचा पोर म्हणाला, सगळ्यांची मिळून एक इच्छा असते. ती लकॉकसाहेबांना शुक्रवारी दहा वाजता सापडते. आजोबांना शहराने विष प्यायला सांगितलं, पळून जायची सोय असूनही ते प्यायले, आणि आम्ही शहाणपणाचा नमुना म्हणून त्यांना पहिल्याच धड्यात ठेवतो. मुलांना प्रश्न विचारायला शिकवायचं, आणि मग प्याला समोर आला की शांतपणे प्यायलाही! दोन्ही आमच्याच अभ्यासक्रमात. इतकी वर्षं मला यात विसंगती दिसली नाही. दिसली असती तर तिसऱ्या भागात घातली असती.

पुढच्या बाकावर ल्युदिवीन नव्हती. समिती बसेपर्यंत तिला घरीच राहायला सांगितलंय.

३१ मार्च, सोमवार

भाषण तयार. तीन भाग. वाचून बघितलं, चांगलं झालंय. काही वाटलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार

सगळं लिहिते. क्रमाने.

लांब टेबल. एका टोकाला लकॉकसाहेब, दुसऱ्या टोकाला ल्युदिवीन आणि तिची आई. आईने ठेवणीतला कोट घातला होता, तरी तळणीचा वास येत होता, आणि तो तिला स्वतःला येत होता – सारखी बाही झटकत होती. बास्त्याँ माझ्या शेजारी. मुलांचे प्रतिनिधी, पालकांचे प्रतिनिधी, साहेबांची माणसं. ल्युदिवीनला विचारलं, पश्चात्ताप होतो का? ती म्हणाली, शब्द बदलला तर आत्ता परत सही करते. साहेबांनी लिहून घेतलं: पश्चात्ताप नाही.

मग मी. पहिला भाग: सगळ्यांना मान्य अशा नियमांशिवाय शाळा चालत नाही, आणि शाळेशिवाय प्रजासत्ताक. साहेब मान हलवत होते. दुसरा भाग: सक्तीने घेतलेली संमती ही संमतीच नव्हे, आणि या मुलीने तेच केलं जे आपण तिला शिकवलं. बास्त्याँने मान हलवली. ल्युदिवीन माझ्याकडे बघत होती. इथे थांबायला हवं होतं. इथेच. पण हात आपोआप पान उलटतो. तिसरा भाग: नियम आणि स्वातंत्र्य यांच्यातला हा तणाव हेच शिक्षणाचं खरं क्षेत्र असून समितीने या घटनेकडे दोन्हींच्या पलीकडे जाऊन पाहावं.

दोन्हींच्या पलीकडे काय आहे, ते कोणी विचारलं नाही. मला सांगता आलं नसतं.

"फार समतोल," साहेब म्हणाले.

आई आणि मुलीला बाहेर पाठवलं. जाताना आईने माझा हात दाबला. "छान बोललात, मादाम. मला काही कळलं नाही, पण छान बोललात."

चिठ्ठ्या वाटल्या. काढायचं – हो किंवा नाही. पेन हातात होतं. हो लिहिणार नव्हते, एवढं नक्की. नाही लिहायचं होतं. दोन अक्षरं. पण ती लिहिण्यासाठी आत काहीतरी हलावं लागतं. ते हललं नाही. सगळे आपापल्या चिठ्ठीवर हात आडवा धरून लिहीत होते. माझी चिठ्ठी दुमडली गेली. मीच दुमडली. कोरी.

एका मताने ठराव झाला. एक मत कोरं निघालं. ते एक 'नाही' असतं तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत ठराव पडतो.

४ एप्रिल, शुक्रवार

मुलांच्या प्रतिनिधीने बाहेर फोडलं. कोऱ्या चिठ्ठीची बातमी जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्या शाळेत. उद्यापासून वसंताची सुट्टी.

१२ एप्रिल, शनिवार

झोपले. उठले. सूप केलं. ओतून दिलं.

२२ एप्रिल, मंगळवार

शाळा सुरू. बास्त्याँच्या वर्गाच्या दारावर वरपासून खालपर्यंत कोरे कागद चिकटवलेले.

पोरांनी ठरवून टाकलंय की कोरी चिठ्ठी त्याची. का? तर तो गमत्या आहे, कशाचंच त्याला काही नसतं, आणि त्या दिवशी तो बोलला नाही. मी बोलले. माझ्याकडे बघून पोरं आदराने बाजूला होतात.

तो एकेक कागद सोडवत होता. मी मदत करायला गेले.

"राहू दे," तो म्हणाला. "पाठकोरे आहेत, कच्च्या कामाला होतील."

त्याने 'नाही' लिहिलं होतं. माझ्या शेजारी बसून लिहिलं, हात आडवा धरला तरी मला दिसलं. तो कोणालाच सांगणार नाही, कारण मतदान गुप्त असतं आणि तो नियम पाळतो. खाली पडलेले दोन कागद मी उचलून दिले. आभार मानले त्याने.

२७ एप्रिल, रविवार

पपांना आज मी कोणी नव्हते. म्हणजे विद्यार्थिनी होते. जेवण झाल्यावर त्यांनी चमचा टेबलावर आपटला आणि करड्या आवाजात म्हणाले, "पाट्या वर!"

समोरच्या म्हाताऱ्याने रुमाल वर केला. त्याला सवय आहे. माझ्या हातात फळांची बशी होती, ती वर केली.

पपांनी बशी निरखून बघितली. "मारेशाल. कोरी."

"हो, मास्तर."

"चुकली असतीस तर शिकवलं असतं. कोरीला काय शिकवू मी? उभी राहा."

राहिले उभी. परिचारिका हसून म्हणाली, बसा हो, ते विसरतील आत्ता. ते विसरलेही. मी उभीच होते.

१ मे, गुरुवार

सुट्टी. चौकाचौकात लिलीच्या फुलांच्या जुड्या विकायला बसलेत सगळे, दरवर्षीसारखे. गोल चौकात फ्राइजची गाडी, तिच्यापुढे बादलीत फुलं, आणि मागे ल्युदिवीन. एप्रन घातलेली. मी वळून परत जायला निघाले होते. तिने हाक मारली.

वजन उतरलंय. पुस्तकं गाडीत मिठाच्या पोत्यावर ठेवलेली. आईने वर अपील केलंय, लील शहरातल्या शिक्षण कचेरीत. बुधवारी सुनावणी. कोणाला काही सांगायचं असेल तर येऊन सांगता येतं. आशा नाही, म्हणाली. समितीतलं कोण येतंय उलटं बोलायला?

मग एक जुडी काढून माझ्या हातात दिली.

"तुमचं मत माझ्या बाजूने होतं, मला माहीत आहे. तुमच्या दुसऱ्या भागातच कळलं होतं. फक्त ते कोरं... 'हो' लिहिणाऱ्यांचा मला राग नाही येत, मादाम. त्यांना तसं वाटत होतं. पण कोरं? मी काय कोणीच नव्हते?"

मी म्हटलं, फुलं छान आहेत.

तेवढंच म्हणाले!

१ मे, संध्याकाळ

फुलं ग्लासात ठेवली. स्वयंपाकघरात वास आला. किती महिन्यांनी कशाचा तरी वास आला. आणि त्याच्यामागोमाग लाज. इतकी की खुर्ची धरून बसावं लागलं. डॉक्टरीणबाईंना काय सांगू – वाटलं. लिहिलं.

५ मे, सोमवार

बास्त्याँला सांगितलं, स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. त्याने कॉफी ढवळली. मग म्हणाला, "माझं दार मात्र तू पुसून द्यायचंस. गोंद निघत नाहीये."

दुपारी लकॉकसाहेबांनी बोलावलं. गुप्त मतदानाचा भंग, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, शोभतं का? आणि बुधवारी लीलला गेलात तर मला वर कळवावं लागेल. मी म्हटलं कळवा. त्यांना वाटलं, याला दुसरा भाग असेल. वाट बघत राहिले.

७ मे, बुधवार

लील. जिन्यावर भीती वाटली. बरं वाटलं.

विचारलं, काय सांगायचंय? सांगितलं, कोरी चिठ्ठी माझी. तिथे 'नाही' हवं होतं. आणखी काही? नाही.

टाइप केलेला जबाब पुढे आला. खाली छापलेलंच असतं: 'हा जबाब मी स्वेच्छेने देत आहे.' बाहेर बाकावर बसलेल्या ल्युदिवीनकडून तिची नवी पट्टी मागता आली असती. गरज पडली नाही. सही केली.